गाडी बोगद्यात का थांबते? न्यूयॉर्कच्या सबवेच्या रखडण्यामागचा हिशेब

‘वी आर डिलेड बिकॉज ऑफ ट्रेन ट्रॅफिक अहेड ऑफ अस. प्लीज बी पेशंट.’ न्यूयॉर्कच्या सबवेने रोज जा-ये करणाऱ्याला ही घोषणा झोपेतसुद्धा म्हणता येईल. पुढे गाड्या तुंबल्यात म्हणून आपण थांबलोय, इथवर ठीक. पण पुढच्या गाड्या कशामुळे तुंबल्या, हे कुणी सांगत नाही. सांगितलंच तर ‘सिग्नल प्रॉब्लेम’ एवढे दोन शब्द, आणि त्यातून कुणाला काही कळत नाही.

न्यू जर्सीहून पाथ रेल्वेने ३३व्या रस्त्याला उतरून पुढे सबवे पकडणारे, क्वीन्समधून ‘ई’, ‘एफ’ किंवा ७ नंबरच्या गाडीने मॅनहॅटनला कामाला जाणारे मराठी लोक काही थोडेथोडके नाहीत. गाडी का रखडली याचा अंदाज आला, तर थांबायचं की उतरून दुसरा रस्ता धरायचा, एवढं तरी नीट ठरवता येतं. त्यासाठी आधी रुळांखाली आणि रुळांशेजारी काय चालतं ते पाहू.

पहिली लाइन २७ ऑक्टोबर १९०४ला सुरू झाली, सिटी हॉलपासून १४५व्या रस्त्यापर्यंत. आज ४७२ स्टेशनं आहेत, प्रवासी गाड्यांचे रूळ सुमारे १,०७० किलोमीटर भरतात, आणि हे सगळं चोवीस तास चालतं. पण हे जाळं एका हाताने विणलेलं नाही. आयआरटी आणि बीएमटी या दोन खासगी कंपन्या आणि आयएनडी हा शहराचा स्वतःचा सबवे, असे तिघं एकमेकांशी स्पर्धा करत बांधत गेले. जून १९४०मध्ये शहराने तिघांची मोट बांधली, पण बोगद्यांची रुंदी काही बदलता आली नाही. आकड्यांच्या गाड्या (१ ते ७) जुन्या आयआरटीच्या मापाच्या आहेत, डबा जेमतेम २.६७ मीटर रुंद. अक्षरांच्या गाड्यांचा डबा ३.०५ मीटर रुंद. म्हणजे ४ नंबरवर गाड्या कमी पडल्या तर शेजारच्या लाइनवरची क्यू गाडी आणून चालवता येत नाही, ती बोगद्यात मावतच नाही. एकाच शहरात, एकाच तिकिटावर, प्रत्यक्षात दोन वेगळ्या रेल्वे आहेत.

लाल दिवा म्हणजे नेमकं काय

सबवेच्या बहुतेक भागात आजही जी सिग्नल यंत्रणा आहे, तिचं तत्त्व शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि खरं सांगायचं तर ते फार हुशार तत्त्व आहे. रुळांचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकचा रूळ दुसऱ्याला जिथे मिळतो, तिथे मध्ये वीज न वाहणारा जोड बसवलेला असतो. ब्लॉकच्या एका टोकाला रुळांत हलकीशी वीज सोडतात आणि दुसऱ्या टोकाला ती वीज एका रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, पोचते. वीज पोचत असेपर्यंत रिले उचललेला राहतो. रिले उचललेला, म्हणजे ब्लॉक रिकामा.

गाडी ब्लॉकमध्ये शिरली की तिची पोलादी चाकं आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात. वीज तिथूनच परत फिरते आणि रिलेपर्यंत पोचत नाही. रिले खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो.

यातली खुबी अशी की वीज कुठल्याही कारणाने थांबली तरी सिग्नल लालच होतो. तार तुटली, लाल. वीजपुरवठा गेला, लाल. रुळांवर पाणी साठून वीज भलतीकडे झिरपली, लाल. दोन ब्लॉकमधल्या जोडावर ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड साचून तो निकामी झाला, तरी लाल. यंत्रणेला गाडी आहे की बिघाड आहे हे कळत नाही, आणि कळत नसेल तर थांबवायचं, एवढंच तिला शिकवलेलं आहे. त्यामुळे ‘सिग्नल प्रॉब्लेम’ ऐकल्यावर घाबरायचं कारण नसतं. त्रास आहे तो वेळेचा, आणि तो मात्र भरपूर आहे.

कारण हा लाल दिवा नुसता दिवा नसतो. सिग्नलपाशी रुळाला लागून इंग्रजी टी अक्षरासारखा एक लोखंडी दांडा असतो. सिग्नल लाल असताना तो वर उभा राहतो. गाडीच्या खाली त्याच उंचीवर एक खटका असतो. गाडी लाल सिग्नल ओलांडू लागली की दांडा खटक्यावर आदळतो, ब्रेकच्या नळ्यांतली हवा सुटते आणि गाडीला करकचून ब्रेक लागतो. चालकाने काहीही केलं तरी हे टळत नाही. म्हणून सिग्नल खोटा लाल आहे हे समोर दिसत असूनसुद्धा चालक तो परस्पर ओलांडू शकत नाही. त्याला मॅनहॅटनमधल्या ५४व्या रस्त्यावरच्या नियंत्रण केंद्राशी रेडिओवर बोलावं लागतं. पुढचा ब्लॉक खरोखर रिकामा आहे ना, याची तिथून खातरजमा होते. मग परवानगी मिळते, दांडा खाली जातो आणि गाडी अगदी सावकाश पुढे सरकते. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हेच पुन्हा करावं लागतं.

आता आकडेमोड करा. लाइनवर दर तीन मिनिटांनी गाडी आहे, म्हणजे तासाला २०. बिघडलेल्या एका सिग्नलपाशी प्रत्येक गाडीला पाच मिनिटं लागू लागली, तर तासाला १२च गाड्या पुढे जातात. उरलेल्या आठ गाड्या मागे एकेका स्टेशनात आणि बोगद्यात अडकून राहतात. सकाळी आठला झालेला बिघाड साडेआठला दुरुस्त झाला, तरी साडेनऊला तुमची गाडी ‘ट्रेन ट्रॅफिक’मुळे थांबलेली असते ती अशी. कारण संपलेलं असतं, त्याची रांग अजून संपलेली नसते.

दुरुस्तीलाही वेळ लागतो. माणसं बोगद्यातून चालत जातात, गाडी आली की बाजूच्या कोनाड्यात उभी राहतात, मग पुन्हा पुढे. जागेवर पोचल्यावर हाताला लागतात त्या काही ठिकाणी कापडाच्या वेष्टणातल्या तारा आणि १९३०च्या दशकातले रिले. वेस्ट फोर्थ स्ट्रीटच्या नियंत्रण कक्षातले जुने खटके एमटीएने, म्हणजे सबवे चालवणाऱ्या संस्थेने, २०१५मध्ये स्वतःच व्हिडिओ काढून लोकांना दाखवले होते. असले सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. बनवणाऱ्यांनी कधीच बंद केले. एमटीएच्या कारखान्यात ते दुरुस्त करून किंवा नव्याने घडवून वापरतात.

गाडी मुद्दामच हळू जाते तेव्हा

५ जून १९९५ला विल्यम्सबर्ग पुलावर ‘जे’ गाडी पुढे उभ्या असलेल्या ‘एम’ गाडीवर आदळली आणि ‘जे’चा चालक मेला. तपासात असं निघालं की सिग्नलमधलं अंतर जुन्या काळच्या गाड्यांच्या वेगावर बेतलेलं होतं. दांड्याने ब्रेक लावला, पण नव्या गाडीला थांबायला तेवढी जागा पुरली नाही. अंतर वाढवायचं तर सिग्नल यंत्रणा नव्याने मांडायला हवी. तेवढा वेळ आणि पैसा कुठून आणणार? म्हणून गाड्यांचा जोर कमी केला आणि जागोजागी टायमर सिग्नल वाढवले.

टायमर सिग्नल गाडीला मुद्दाम लाल दिसतो. ठरलेल्या टप्प्यात गाडीने ठरलेले सेकंद घालवले, म्हणजेच वेग मर्यादेत ठेवला, तरच तो जवळ आल्यावर उघडतो. उतारावर आणि वळणावर हे योग्यच आहे. पण कालांतराने यातले बरेच टायमर बिघडले. पाटीवर ताशी २० मैल लिहिलेलं असायचं आणि २०ने गेलं तर सिग्नल उघडायचा नाही. लाल ओलांडून ब्रेक लागला तर चौकशी चालकाची. मग शहाणा चालक १५नेच जाणार. २०१८मध्ये अँडी बायफर्ड सबवेचे प्रमुख असताना एक पथक नेमून हे टायमर एकेक करून तपासले, तेव्हा शेकडो टायमर चुकीचे निघाले. ते दुरुस्त झाले आणि बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादाही वाढली. माझ्या मते सबवेच्या अलीकडच्या इतिहासातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सरळ काम हेच. ना नवा बोगदा, ना नवी गाडी.

एक गाडी उशिरा, मग सगळ्याच

सिग्नल नीट असले तरी गाड्या गठ्ठ्याने येतात. वीस मिनिटं काहीच नाही, मग एकामागोमाग तीन. याचं कारण फलाटावर आहे. एखादी गाडी दोन मिनिटं उशिरा झाली की पुढच्या स्टेशनात दोन मिनिटांची जास्त माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, गाडी आणखी उशिरा होते, पुढे आणखी माणसं. तिच्या मागच्या गाडीला मात्र फलाट रिकामे मिळत जातात, ती भराभर येऊन पुढचीला गाठते.

याचा फटका वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. दर पाच मिनिटांनी गाडी येत असेल तर सरासरी अडीच मिनिटं थांबावं लागतं. त्याच गाड्या एकदा एका मिनिटाने आणि एकदा नऊ मिनिटांनी येऊ लागल्या, तरी दहा मिनिटांत गाड्या दोनच. पण दहातली नऊ माणसं त्या मोठ्या फटीत फलाटावर येतात, आणि सरासरी थांबणं चार मिनिटांच्या वर जातं. एकही गाडी रद्द न होता. म्हणूनच कधी कधी ‘वी आर बीइंग हेल्ड मोमेंटरिली बाय द ट्रेन्स डिस्पॅचर’ अशी घोषणा होते. आपली गाडी चांगली चाललेली असताना तिला मुद्दाम रोखतात. मागच्या गाडीला उशीर झालाय, मधली फट आणखी वाढू नये म्हणून. डब्यात बसलेल्याला हा निव्वळ छळ वाटतो, पण मागच्या फलाटावरच्या शेकडो लोकांच्या दृष्टीने तेच बरोबर असतं.

स्टेशनात गाडी किती वेळ थांबते, त्यातही बारकावे आहेत. गाडीच्या मधोमध असलेल्या कंडक्टरकडे एकदा लक्ष देऊन बघा. गाडी थांबली की तो खिडकी खाली करतो आणि फलाटाच्या वर टांगलेल्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो. गंमत नव्हे, १९९६पासूनचा नियम आहे तो. जपानी रेल्वेवरून उचललेला. फळी बरोबर समोर असेल तर पूर्ण गाडी फलाटाला लागलीय, म्हणजे दारं उघडायला हरकत नाही. गाडी सुटताना तो बाहेर डोकावून दोन्ही बाजूंना बघत राहतो, कुणाची पिशवी किंवा पट्टा दारात अडकलाय का ते. सगळी दारं नीट मिटल्याचा दिवा लागल्याशिवाय चालकाला गाडी पुढे नेता येत नाही. साठ फुटी दहा डब्यांच्या गाडीला एका बाजूने ४० दारं असतात. त्यातल्या एका दारात कुणी पाय घातला तर उरलेली ३९ मिटूनही उपयोग नसतो. आणि जोर लावून दार वाकलं, नीट मिटेनासं झालं, तर सगळ्यांना उतरवून गाडी यार्डात जाते.

दारांची संख्याही महत्त्वाची आहे. पंचाहत्तर फुटी डब्यांच्या गाडीत डबे आठ आणि एका बाजूची दारं ३२च. गाडीची लांबी तेवढीच, वाटा मात्र कमी, म्हणून गर्दीत ती जास्त वेळ खाते. मार्च २०२३पासून आलेल्या आर-२११ डब्यांत दारांची रुंदी १२७ सेंटिमीटरवरून १४७ सेंटिमीटर केली ती एवढ्याचसाठी. वीस सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यात उतरणारा आणि चढणारा एकमेकांना न धडकता निघून जातात.

मग आहेत जंक्शनं. बहुतेक गाड्या कुठे ना कुठे दुसऱ्या लाइनच्या रुळांवर जातात. ब्रुकलिनमध्ये फ्रँकलिन अव्हेन्यूच्या पुढे २, ३, ४ आणि ५ या चारही गाड्या एकमेकींची वाट ओलांडतात. ५ला वळायचं असेल तर ३ थांबते, ३ जात असेल तर ५ थांबते. डीकॅल्ब अव्हेन्यू, क्वीन्स प्लाझा, कोलंबस सर्कल इथेही तेच. ब्राँक्समध्ये ५ला उशीर झाला की त्याची किंमत तासाभराने ब्रुकलिनमध्ये ३चा प्रवासी मोजतो. एल आणि ७ या दोन लाइन कुणाशीच रूळ वाटून घेत नाहीत. वेळ पाळण्यात त्या नेहमी वरच्या असतात, त्याचं अर्धं श्रेय या एकटेपणाला आहे. उरलेल्या अर्ध्याकडे पुढे येतोच.

रोजचा मेगाब्लॉक

मुंबईची लोकल रात्री दोन-तीन तास विसावते आणि रविवारी मेगाब्लॉक घेते. न्यूयॉर्कचा सबवे १९०४पासून रात्रीही चालू आहे. ठरवून रोज रात्री बंद ठेवण्याची वेळ पहिल्यांदा आली ती ६ मे २०२०ला, कोविडमध्ये, पहाटे १ ते ५. मे २०२१मध्ये पुन्हा चोवीस तास सुरू झाला. रात्रपाळीच्या नर्सेस, हॉटेलांतले स्वयंपाकी, सफाई कामगार यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण देखभाल करणाऱ्याला रिकामा रूळ कधीच मिळत नाही.

हे निभतं ते चार रुळांमुळे. सुरुवातीपासूनच मुख्य मार्गांवर दोन लोकल आणि दोन एक्सप्रेस असे चार रूळ टाकले. एका रुळावर काम काढलं की गाडी शेजारच्यावर वळवतात. शनिवार-रविवारी डाउनटाउनची लोकल एक्सप्रेसच्या रुळावरून धावते आणि तुमचं स्टेशन टाळून पुढे निघून जाते, ती यामुळे. पुढच्या एक्सप्रेस स्टेशनात उतरून उलट दिशेच्या लोकलने परत यायचं, हा त्यावरचा उपाय. सबवेच्या भाषेत अशा ठरवलेल्या बदलाला ‘जनरल ऑर्डर’ किंवा नुसतं ‘जी.ओ.’ म्हणतात.

गाड्या चालू ठेवून काम करायचं म्हणजे माणसं दर काही मिनिटांनी हत्यारं उचलून बाजूला होणार. आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष काम किती होत असेल ते तुम्हीच ठरवा. शिवाय शेजारच्या रुळावरच्या गाड्यांनाही तिथे हळू जावं लागतं. २०१२पासून ‘फास्टट्रॅक’ नावाने लाइनचा एखादा भाग ओळीने चार रात्री, रात्री १० ते पहाटे ५, पूर्ण बंद करून कामं उरकायला सुरुवात झाली. कमी वेळात जास्त काम होतं, हे सिद्धही झालं.

वेळ अपुरा पडला की काय होतं, याचं उदाहरण २७ जून २०१७चं. हार्लेममध्ये १२५व्या रस्त्याजवळ ए गाडी घसरली, तीसेक लोक जखमी झाले. रूळ तुटलेला नव्हता. बदलण्यासाठी आणलेला रुळाचा तुकडा दोन रुळांच्या मध्ये ठेवलेला होता आणि तो नीट बांधलेला नव्हता. पुढच्या वेळच्या कामाचं सामान रुळांतच ठेवून जायची पद्धत होती. दोन दिवसांनी गव्हर्नर कुओमो यांनी सबवेसाठी आणीबाणी जाहीर केली. त्या वर्षी वेळेवर पोचणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं आणि महिन्याला ७० हजारांहून जास्त गाड्यांना उशीर होत होता. २०१२मध्ये हाच आकडा २८ हजार होता.

पाणी आणि उकाडा

लंडनसारखा हा सबवे खोल नाही. बहुतेक भाग रस्ता उकरून, चौकोनी पेटी बांधून, वर पुन्हा रस्ता घालून केलेला आहे. फायदा असा की दोन जिने उतरलं की फलाट. तोटा असा की रस्त्यावरचं सगळं काही खाली येतं. फुटपाथवर दिसणाऱ्या लोखंडी जाळ्या म्हणजे बोगद्याची नाकं आहेत. धावती गाडी पुढची हवा ढकलते, ती या जाळ्यांतून बाहेर पडते आणि मागून नवी आत येते. पाऊसही त्याच जाळ्यांतून आत येतो. ऑगस्ट २००७च्या पुरानंतर क्वीन्समध्ये काही जाळ्या फुटपाथपासून उचलून बाकांसारख्या केल्या. लोक त्यावर बसतात, पण त्या पुरासाठी आहेत.

पाऊस नसतानाही सबवेतून रोज सुमारे ४ कोटी ९० लाख लिटर पाणी उपसावं लागतं. १ सप्टेंबर २०२१ला आयडा वादळाच्या अवशेषांनी सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पाडला. शहराची गटारं तासाला साधारण ४५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. उरलेलं पाणी जिन्यांवरून धबधब्यासारखं सबवेत गेलं. नव्या बोगद्यांनाही हे चुकत नाही. मुंबईच्या मेट्रो ३वर आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच मे २०२५मध्ये पावसाचं पाणी आत शिरलं.

गोड्या पाण्यापेक्षा खारं पाणी वाईट. ऑक्टोबर २०१२च्या सँडी वादळात नदीखालच्या बोगद्यांत समुद्राचं पाणी भरलं. पाणी उपसून गाड्या लवकर सुरू झाल्या खऱ्या, पण मीठ मागे राहिलं. ते तारांच्या जोडांत, रिलेंत, काँक्रीटमधल्या सळ्यांत काम करत राहिलं. आर गाडीचा माँटेग्यू बोगदा ऑगस्ट २०१३पासून १३ महिने पूर्ण बंद ठेवावा लागला. एलच्या कॅनार्सी बोगद्याचं काम २०१९ आणि २०२०मध्ये रात्री आणि शनिवार-रविवारी उरकलं.

उन्हाळ्यात फलाट भट्टीसारखा का होतो? डब्यांतलं एसी आतली उष्णता काढून बाहेर टाकतं, आणि बाहेर म्हणजे बोगद्यात. ब्रेक लावताना निघणारी उष्णताही तिथेच. ती बाहेर जायला वाट फक्त त्या जाळ्यांची. डब्यात जितका गारवा, तितका फलाटावर उकाडा.

नवे सिग्नल यायला इतकी वर्षं का

उपाय ठाऊक आहे. त्याचं नाव सीबीटीसी. यात गाडीचा संगणक रुळांमधल्या खुणेच्या पेट्या वाचून आपली जागा ओळखतो आणि रेडिओने केंद्राला कळवत राहतो. ब्लॉकच्या यंत्रणेला ‘या तीनशे मीटरमध्ये कुठेतरी गाडी आहे’ एवढंच कळतं, तर सीबीटीसीला गाडी नेमकी कुठे आहे आणि किती वेगात आहे तेही कळतं. त्यामुळे मागची गाडी सुरक्षित अंतर राखून जास्त जवळ येऊ शकते. मुंबईची मेट्रो ३ पहिल्या दिवसापासून याच पद्धतीवर चालते.

न्यूयॉर्कमध्ये एल लाइनवर ही यंत्रणा २००९च्या सुमारास पूर्ण झाली. ७ लाइनचं कंत्राट २०१०मध्ये दिलं आणि काम संपलं नोव्हेंबर २०१८मध्ये. या दोन लाइन वेळ पाळतात याचं उरलेलं अर्धं श्रेय ते हे. मुद्दाम याच दोन आधी घेतल्या, कारण त्यांच्या गाड्या दुसरीकडे जात नाहीत. जेवढ्या गाड्या त्या लाइनवर, तेवढ्यांत यंत्र बसवलं की झालं. क्वीन्स बुलेवार्डवर मात्र ई, एफ, एम, आर अशा चार सेवा धावतात आणि पुढे त्या चार दिशांना पांगतात. तिथे या सगळ्यांच्या डब्यांत यंत्र हवं, नाहीतर यंत्र नसलेली गाडी जुन्याच पद्धतीने सांभाळावी लागते. म्हणजे नव्या सिग्नलसाठी आधी नव्या गाड्या लागतात, आणि नव्या गाड्या उशिरा आल्या की सिग्नलही उशिरा. केबल ओढणं, पेट्या बसवणं, चाचण्या घेणं हे सगळं पुन्हा रात्री आणि सुट्टीच्या दिवशीच. २०२४च्या उन्हाळ्यात ‘जी’ नावाची लाइन भागाभागाने बंद ठेवली, ती याच कामासाठी.

पैशांचं थोडक्यात. तिकीट १९०४पासून १९४८पर्यंत पाच सेंटच होतं. दोन महायुद्धं होऊन गेली, महागाई वाढली, तिकीट वाढलं नाही. देखभाल मागे पडली ती तेव्हापासून. १९७०च्या दशकात तर शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं आणि सबवे जवळजवळ वाऱ्यावर सोडला गेला. १९८२पासून पाच-पाच वर्षांच्या योजना सुरू झाल्या. २०२५ ते २०२९ची योजना ६८.४ अब्ज डॉलरची आहे. ५ जानेवारी २०२५पासून ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला मोटारींना गर्दीच्या वेळी नऊ डॉलर टोल लागतो. त्यातून उभे राहणारे पैसेही याच कामांत जातात. महापौराला शिव्या देण्याआधी एक लक्षात असू द्या, एमटीए राज्याची आहे, शहराची नाही.

रोजच्या प्रवासात उपयोगी पडेल असं

फलाटावरच्या घड्याळाचे आकडे कसे येतात ते ठाऊक असलं की त्यावर किती विसंबायचं ते कळतं. आकड्यांच्या बहुतेक गाड्यांची जागा सिग्नल यंत्रणेतूनच कळते, म्हणून तिथली वेळ बऱ्यापैकी खरी. अक्षरांच्या बऱ्याच लाइनवर स्टेशनच्या दोन्ही टोकांना ब्लूटूथचे संदेश पकडणारी यंत्रं बसवलीत. गाडी स्टेशनात शिरली आणि बाहेर पडली, एवढंच या यंत्रांना कळतं. मधे बोगद्यात काय चाललंय, तो अंदाज. घड्याळावर ‘४ मिनिटं’ बराच वेळ तसंच राहिलं तर गाडी दोन स्टेशनांमध्ये अडकलीय असं समजा आणि दुसरी लाइन हाताशी असेल तर निघा.

मोठ्या खंडानंतर आलेली पहिली गाडी तुडुंब असते. घड्याळावर पुढची एक-दोन मिनिटांत दिसत असेल तर पहिली सोडा. उशीर भरून काढायला त्या पहिल्या गाडीला कधी कधी मधली स्टेशनं गाळायला सांगतात, आणि ती घोषणा आत चढल्यावर ऐकू येते.

बोगद्यात गाडी थांबली तर दार उघडून उतरायचा विचारही नको. शेजारच्या तिसऱ्या रुळात ६२५ व्होल्टची वीज असते. बरं वाटत नसेल तर लाल दोरी ओढू नका, पुढच्या स्टेशनात उतरून मदत मागा. दोरी ओढली की गाडी जिथे असेल तिथे थांबते, कर्मचारी गाडीची पाहणी करेपर्यंत हलत नाही, आणि डॉक्टर बोगद्यात लवकर पोचत नाहीत.

भारतातून आई-वडील आले असतील किंवा बाबागाडी बरोबर असेल तर लिफ्टचा विचार आधी करा. जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांत जिन्याशिवाय फलाटावर जाता येतं, आणि तिथलीही लिफ्ट बंद असू शकते. चालू-बंद एमटीएच्या ॲपवर दिसतं. ९५ टक्के स्टेशनांत सोय करायची मुदत २०५५ची आहे.

सबवेत शिरताना भाडं दिल्यापासून दोन तासांच्या आत बस पकडली तर पुन्हा भाडं लागत नाही. पण दोन्हीकडे तेच कार्ड किंवा तोच फोन टेकवायला हवा. आधी फोन आणि नंतर त्याच फोनला जोडलेलं बँकेचं कार्ड टेकवलंत, तर ओम्नी या भाडं घेणाऱ्या यंत्रणेच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं आहात आणि भाडं दोनदा कापलं जातं.

ऑगस्टच्या गर्दीत एखादा डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नका, त्याचं एसी बंद आहे. एसी चालू असेल तर रिकामं असण्याचं कारण त्याहून वाईट असतं, ते दार उघडल्याबरोबर नाकाला कळतं.

आणि ऑफिसात साहेबांना पटत नसेल, तर एमटीएच्या संकेतस्थळावर गाडी उशिरा झाल्याचा दाखला मागता येतो. लाइन, चढलेलं आणि उतरलेलं स्टेशन, तारीख आणि वेळ भरायची. त्या वेळी खरोखर खोळंबा झाला होता का हे तपासून ते ईमेलने उत्तर पाठवतात.